बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि गावोगावचे गाण्याचे मास्तर

कृष्णाकाठ

आपल्याकडे गाण्याच्या गप्पा रंगल्या की नावं निघतात ती गवयांची. कुणाचा मारवा, कुणाचा तराणा, कुठल्या साली कुठे झालेली मैफल. त्या गवयाकडून पहिला षड्ज लावून घेणारा माणूस कुठल्या गावात, कुणाच्या आश्रयाने शिकवत होता, हे क्वचितच कुणी विचारतं. मला ते विचारायचं आहे, आणि सुरुवात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपासून करायची आहे.

बुवांचा काळ १८४९ ते १९२६. त्यांच्या तरुणपणी ख्याल, म्हणजे रागसंगीतातला मुख्य गायनप्रकार, मुळापासून शिकायचा तर ग्वाल्हेरच्या परंपरेत शिरावं लागे. तिथे शिंद्यांच्या पदरी असलेल्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी ख्यालाला जे रूप दिलं, तीच पुढे ग्वाल्हेर गायकी म्हणून नावारूपाला आली. दरबार मराठी, त्यामुळे या भावांकडे मराठी शिष्यही आले. वासुदेवबुवा जोशी हे त्यांतले एक. बाळकृष्णबुवा आधी धारला देवजीबुवांकडे आणि मग वासुदेवबुवांकडे शिकले. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकायचं, असा तो जमाना होता. कागदावर काही उतरवून घ्यायची सोय नाही. एकदा ऐकलेलं टिकवायचं ते गळ्यात आणि डोक्यात.

विद्या घेऊन परतल्यावर बुवांनी मुंबईत खटपट करून पाहिली. गायन समाज काढला, 'संगीत दर्पण' नावाचं मासिक चालवलं. पण मुंबई त्यांना मानवली नाही. पुढचं आयुष्य गेलं ते मिरज, औंध, इचलकरंजी अशा लहान लहान संस्थानांत. ज्या गावाने शेवटी ठेवून घेतलं, त्या गावाचं नाव त्यांना चिकटलं.

आता शिष्य बघा. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी म्हणजे अंतुबुवा, यशवंत सदाशिव मिराशी म्हणजे मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे, वामनबुवा चाफेकर, मिरजेचे नीळकंठबुवा. खुद्द बुवांचे चिरंजीव अण्णाबुवाही चांगले तयार झाले होते, पण ते तरुणपणीच गेले. बापाने आपल्या हाताने घडवलेला गळा बापाच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतरही बुवांनी शिकवणं थांबवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

या यादीतले बहुतेक जण नुसते गायले नाहीत, त्यांनी शिकवलं. आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी 'गायन-वादन वर्ग' अशी पाटी दिसली, की त्या मास्तरांची गुरुपरंपरा विचारा. दोन-चार पायऱ्या मागे गेलात की बऱ्याच वेळा तुम्ही मिरज-इचलकरंजीला पोचता. तुमच्या गावचे गाण्याचे मास्तर कोण होते, ते कुणाकडे शिकले होते, हे इथे लिहाल का? (हयात मंडळींची किंवा घरगुती नावं टाकू नका, गाव आणि परंपरा पुरे.)

---

वाडीवाला

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी नृसिंहवाडीचा. आमच्या शेजारचं कुरुंदवाड या गोष्टीत यायलाच हवं.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ला कुरुंदवाडचाच. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूने चेहरा भाजला आणि डोळे अधू झाले. शाळा सुटली. शिकून कारकून व्हायची वाट बंद झाल्यावर, निदान गाणं तरी शिकेल म्हणून मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने पोराला बाळकृष्णबुवांकडे घातलं. डोळे शाबूत असते तर हा मुलगा बहुधा एखाद्या संस्थानच्या कचेरीत चिकटला असता. कुरुंदवाडच्या मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्या वेळी देशातला एक अव्वल गुरू बसला होता, यात त्या लहान संस्थानांचा मोठा वाटा आहे. दक्षिण महाराष्ट्रातले हे पटवर्धन, घोरपडे, पंतप्रतिनिधी काही मोठे राजे नव्हते. पण एका गवयाचं घर चालेल एवढी तजवीज त्यांनी केली.

आणखी एक. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांची अखेरची वर्षं कुरुंदवाडलाच गेली. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे स्वतः हद्दू खाँचे शिष्य. रहिमत खाँ मनाने हरवलेल्या अवस्थेत होते, तेव्हा छत्र्यांनी गुरुपुत्र म्हणून त्यांना सांभाळलं, आणि विष्णुपंतांच्या मागे त्यांच्या भावाने. १९२२ साली रहिमत खाँ कुरुंदवाडला गेले. म्हणजे ग्वाल्हेरच्या घराण्याचा थेट वारस आणि त्या घराण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा गुरू, दोघेही कृष्णा-पंचगंगेच्या या एवढ्याशा टापूत होते. मोठ्या शहरात असं असतं तर चौकाचौकांत फलक लागले असते.

---

ठेका

कृष्णाकाठ, छान लिहिलंय, पण एक गोष्ट राहिली. महाराष्ट्रात ख्याल रुजवण्याचं सगळं श्रेय एकाच माणसाच्या पदरात घालता येणार नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब होते. मिरजेतच अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफन मिरजेलाच ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात झालं, आणि उरुसात त्यांच्या नावाने अजून गाणं होतं. गवई भास्करबुवा बखले हे आणखी वेगळे नाव. आणि बुवांचं गाणं नेमकं कसं होतं, ते आपण कुणी ऐकलेलं नाही. मग त्यांना एवढं वर कशाच्या आधारावर ठेवायचं?

---

कृष्णाकाठ

ठेका, त्या सगळ्यांची नावं घ्यायलाच हवीत आणि तुम्ही घेतलीत हे बरं झालं. पण मी बुवांना इतरांपेक्षा मोठे गायक म्हणत नाही. मी त्यांना शिक्षक म्हणून बघतोय. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी अवघड. मूठभर असामान्य गळ्यांनी ती पेलली आणि त्यातून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका झाल्या. ग्वाल्हेरची गायकी मांडणीने सरळ, आणि म्हणून ती शिकवता येते.

गाणं कसं असेल याचा अंदाज शिष्यांवरून येतो. ग्वाल्हेरवाल्यांचा यमन ऐका. तिलवाडा किंवा झुमरा अशा संथ तालात बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, सुरू होते. सुरुवातीला तासभर आलापीचा पसारा नाही. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पूर्ण म्हणायची, पुन्हा म्हणायची, मग दुसरा भाग, अंतरा. बंदिशीतच राग कुठून चढतो, कुठे थांबतो, कुठल्या स्वरावर मान टेकतो हे सगळं आलेलं असतं. मग बेहलावे, म्हणजे संथ स्वरविस्तार, मग बोल घेऊन लयीशी खेळ, मग ताना. त्याही सपाट, तीन सप्तकांत सरळ जाणाऱ्या. आवाज खुला, 'आ'कार मोकळा. राग बहुतेक सगळ्यांच्या ओळखीचे: भूप, यमन, भैरव, अल्हैया बिलावल, गौड सारंग, मालकंस. अनवट रागांचा सोस कमी.

आता हे शिकवणाऱ्याच्या नजरेतून बघा. तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बंदिश नीट बसवून दिली, तर राग त्याच्या हातात पडतो. त्याला पुढे कुणी शिकवणारा भेटला नाही तरी ती बंदिश त्याच्याकडे राहते. चांगल्या बंदिशीत रागाचा सगळा नकाशा असतो, हे ग्वाल्हेरवाल्यांचं जुनं म्हणणं. या गायकीत शिष्य घडवणं शक्य झालं ते या बांधणीमुळे. त्यात बुवांनी शिष्य निवडताना गवयाच्याच घरचा मुलगा हवा असं धरलं नाही. कीर्तनकाराचा मुलगा आला, मठातला जंगम आला. ज्याच्यात चिकाटी दिसली त्याला बसवलं.

---

धारवाडची मंगला

'मठातला जंगम' म्हणजे नीळकंठबुवा. ते वाचलं आणि लिहायला बसले. आम्ही मूळ सांगलीकडचे, तीन पिढ्या धारवाडात. पलुसकरांचं नाव सगळे घेतात. नीळकंठबुवांचं नाव मराठीत कुणी काढत नाही, त्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नीळकंठबुवा मिरजेला राहून शिकवायचे. त्यांच्याकडे कोण कोण आलं बघा. मल्लिकार्जुन मन्सूर पुढे जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक म्हणून गाजले, पण त्यांचं पहिलं पक्कं शिक्षण नीळकंठबुवांकडे झालं. मन्सूरअण्णांच्या गाण्यात बंदिशीचा जो रेखीवपणा दिसतो, त्याचा पाया मिरजेत घातला गेला असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात, आणि ऐकताना ते पटतं. पंचाक्षरी गवईही त्यांच्याकडेच ग्वाल्हेर गायकी शिकले. जन्मापासून अंध असलेला हा माणूस. त्यांनी गदगला वीरेश्वर पुण्याश्रम उभा केला आणि अंध, अनाथ, गरीब मुलांना तिथे ठेवून घेऊन गाणं शिकवलं. त्यांच्यामागे पुट्टराज गवईंनी ते काम वाढवलं. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवईंचेच शिष्य.

आज उत्तर कर्नाटकात खेडोपाडी पेटी-तबला शिकवणारे, शाळेत संगीत शिक्षक म्हणून नोकरी करणारे कितीतरी अंध गुरुजी आहेत. त्यांच्यातले बरेच गदगच्या आश्रमातून तयार झालेले. माझ्या मुलाला पहिले सात स्वर शिकवणारे गुरुजी तिथलेच. दिसत नसताना मुलाच्या तोंडाचा आ पुरेसा उघडला नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं. "बाळ, दात लावून गाऊ नको" म्हणायचे, मराठीत, कारण आमच्या घरी मराठी आहे हे त्यांना ठाऊक होतं. एका ओळीत सांगायचं तर बाळकृष्णबुवा, नीळकंठबुवा, पंचाक्षरी गवई, पुट्टराज गवई आणि मग आमचे गुरुजी.

---

वाडीवाला

मंगलाताई, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मिरजेतून एक वाट पलुसकरांबरोबर वर लाहोरला गेली आणि एक खाली गदगला. खूप सुंदर.

---

मागवाला

मी इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. आमच्या गावाचं नाव निघालं की लोकांना कापड आठवतं, आणि ते बरोबरच आहे. १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसला म्हणतात. बुवांच्या हयातीतच. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी गावात उद्योग यावा म्हणूनही मदत केली आणि बुवांसारख्यांना आश्रयही दिला. एकाच माणसाने दोन्ही केलं.

आमच्या पेठेत एक सर गाण्याचा क्लास घ्यायचे. दिवसा एका कारखान्यात हिशेब लिहायचे, संध्याकाळी सहानंतर शिकवणी. खाली मागांचा खडखडाट, वरच्या माळ्यावर आम्ही. त्यामुळे सर म्हणायचे, "खालच्या आवाजाशी भांडायचं नाही. तुझा सा तुला ऐकू आला पाहिजे, मला नाही आला तरी चालेल." तानपुरा एकच, तोही जुना. जुळवताना ते बराच वेळ घ्यायचे. खुंटी पिळून स्वर आणायचा, मग खाली मणी सरकवून बारीक फरक काढायचा, मग घोडीवर तारेखाली सूत पुढे-मागे करून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झंकार, खुलवायची. आम्ही पोरं चुळबुळ करायचो. पण एकदा का चारी तारा जुळल्या की ते डोळे मिटून काही वेळ नुसतेच बसायचे, आणि आम्हीही गप्प व्हायचो. मग म्हणायचे, "हं, आता सुरू कर."

सर मिराशीबुवांच्या परंपरेतले, असं ते अभिमानाने सांगायचे. मिराशीबुवा इचलकरंजीला बुवांकडे शिकले, काही काळ नाटक कंपनीत होते, पुढे पुण्यात राहून शिकवत होते. ग्वाल्हेरच्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह छापून ठेवल्या. सरांकडे त्या बंदिशींच्या हाताने उतरवलेल्या प्रती होत्या. कुणी फी दिली नाही तर सरांनी कधी मागितल्याचं आठवत नाही. सूत बाजार पडला की गावात कुणाच्याच हातात पैसे नसायचे, ते त्यांना कळायचं.

---

ठेका

मागवाला, वाचून डोळे भरून आले. आता मनात आहे ते बोलतो, कुणी राग मानू नका. हाच वारसा आपण परीक्षांच्या पायी घालवला असं मला वाटतं. मी गेली अनेक वर्षं परीक्षांना तबल्याची साथ करतो. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, सगळे टप्पे पाहिलेत. मुलं राग गात नाहीत, पाठ केलेल्या ताना म्हणतात. आठ आलाप, आठ ताना, वहीत बघून घोकलेल्या. ठेका जरा वेगळा वाजवला की गोंधळतात. पलुसकरांनी स्वरलिपी आणि अभ्यासक्रम आणला, त्यातून हे झालं. बुवांच्या ओसरीवर असं घडलं नसतं.

---

रेवा

ठेकादादा, राग नाही, पण उत्तर देते. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले आणि आता तिथेच शिकवते. माझ्या आईला गाणं शिकायचं होतं. तिच्या लहानपणी गावात शिकवणारे एकच बुवा, आणि मुलीने त्यांच्या घरी जाऊन गाणं शिकायचं हे आजोबांना मान्य नव्हतं. ती शिकली नाही. मी शिकले ती परीक्षेच्या निमित्ताने. प्रमाणपत्र मिळतं, अभ्यासक्रम छापलेला आहे, परीक्षक बाहेरगावचे येतात, शाळेच्या खोलीत परीक्षा होते. हे सगळं बघून घरच्यांचा जीव भांड्यात पडला. 'गाण्याला जाते' यापेक्षा 'मध्यमाचा अभ्यास करते' हे वाक्य आमच्या घरात जास्त चाललं.

पाठ केलेल्या ताना मलाही खटकतात. माझ्या वर्गात मी वही मिटायला लावते. आधी भूप गुणगुणून दाखव, मग वही उघड. पण ज्या गावात संध्याकाळी वीज जाते, जिथे मैफल कधी होत नाही, त्या गावातल्या मुलीच्या हातात निदान पंचवीस रागांची नावं, त्यांचे आरोह-अवरोह आणि एकेक बंदिश तरी येते ती या परीक्षांमुळे. पुढे ती गायिका होणार नाही. ती ऐकेल, तिच्या मुलांना ऐकवेल. बुवांच्या ओसरीवर माझ्यासारखीला जागा नव्हती, हेही सांगायला हवं. पलुसकरांच्या विद्यालयांनी आणि त्यांच्या शिष्यांनी ते दार उघडलं.

आणि लहान गावातून मोठं काही निघत नाही असं थोडंच आहे. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या गायक उल्हास कशाळकरांना पहिलं गाणं वडिलांकडून मिळालं. पुढे ते गजाननबुवा जोशींकडे शिकले. गजाननबुवा अंतुबुवांचे चिरंजीव, म्हणजे फिरून पुन्हा बाळकृष्णबुवाच.

---

कृष्णाकाठ

रेवा, तुमच्या प्रतिसादाने हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

ठेका, तुमच्या मुद्द्यावर एक हकीकत. पलुसकरांनी १८९६ साली मिरज सोडली. त्यामागचं कारण म्हणून असं सांगितलं जातं, की गावात एक समारंभ होता, सगळ्या प्रतिष्ठितांना आमंत्रणं गेली. राजाश्रयातला म्हणून तरुण पलुसकरांनाही आमंत्रण, पण त्यांच्या गुरूला नाही. चौकशी केली तर उत्तर आलं ते अशा अर्थाचं, की ते तर गवई, त्यांना काय बोलवायचं. ज्या माणसाने उत्तरेची विद्या या मुलखात आणली, त्याला गावच्या पंगतीत पाट नाही! हे मनाला लागलं आणि गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा या निश्चयाने पलुसकर बाहेर पडले. पुढचं सगळं आयुष्य त्या निश्चयाशी जुळतं, म्हणून मला ही हकीकत खरी वाटते.

५ मे १९०१ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. कुठल्या संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर. १९०८ साली मुंबईत शाखा काढली. स्वरलिपी, छापील पुस्तकं, इयत्ता, परीक्षा, हे सगळं आणलं ते गाणं म्हणजे विद्या आहे आणि शिकवणारा हा शिक्षक आहे, हे लोकांच्या गळी उतरवण्यासाठी. मुंबईतली इमारत शेवटी कर्जापायी लिलावात गेली. स्वतः ते २१ ऑगस्ट १९३१ला मिरजेतच वारले. पण तोवर माणसं तयार झाली होती.

ती कशी, तर उपदेशक वर्गातून. त्या वर्गातल्या मुलांनी वर्षानुवर्षं विद्यालयातच राहायचं, तिथलीच कामं करायची, गुरूबरोबर दौऱ्यावर जायचं आणि तयार झाल्यावर दुसऱ्या गावी जाऊन शिकवायचं. ही बुवांच्या घरातलीच रीत, फक्त शिष्य एकाचे अनेक झाले. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, साबरमती आश्रमात गाणं नेणारे नारायण मोरेश्वर खरे, हे सगळे पलुसकरांचे. विनायकबुवा पुण्याला बसले, ओंकारनाथ काशीला, देवधर मुंबईत. देवधरांकडे कुमार गंधर्व शिकले. ज्या शिक्षणात ग्वाल्हेरचा आग्रह आणि नव्याला मोकळीक दोन्ही होतं, त्यातूनच कुमारजींसारखा वेगळ्या वाटेने जाणारा शिष्य निघाला. आणि तुमच्या-माझ्या गावातल्या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केलं.

त्यामुळे ओसरी चांगली आणि परीक्षा वाईट असं मला म्हणवत नाही. परीक्षा उभी केली ती ओसरीवर बसलेल्या माणसाचा अपमान पुसण्यासाठी. तिचं आज जे झालं आहे, त्याला उपाय रेवा करतायत तो: वही मिटायची.

---

ठेका

आमंत्रणाची हकीकत माहीत नव्हती. पटलं. तरी परीक्षेत उत्स्फूर्त आलापीला जास्त गुण हवेत, ही माझी मागणी कायम.

---

रेवा

त्याला माझं पूर्ण अनुमोदन!

---

जवारीदार

मी मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या जवळ राहतो. गुरुजनांवर एवढं लिहिलं गेलं म्हणून दोन शब्द वाद्यं करणाऱ्यांबद्दल. मागवालांनी तानपुरा जुळवायचं जे वर्णन केलंय, त्यातला तानपुरा बहुधा इथलाच असणार.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी, पाणी देणारी जमात. लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं, आणि त्यांतल्या फरीदसाहेबांसारख्यांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी करायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला खास लावलेले कडू भोपळे येतात, ते वाळवून, कापून, भिजवून आकार देतात, त्यावर तुणाच्या लाकडाची गळपट्टी आणि दांडी चढते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही कारागिरी इथे टिकली, कारण दारात गिऱ्हाईक होतं. बुवा होते, खाँसाहेब होते, त्यांचे शिष्य होते. 'जवारी जरा बंद आहे, उघडा' असं सांगणारा कान समोर बसलेला असायचा. तो कान नसता तर हातही तयार झाला नसता. आता यंत्रातला तानपुरा खिशात आला. शिकवणीच्या वर्गांनी निदान एक तरी खरा तानपुरा ठेवावा, आणि मुलांना तो जुळवायला शिकवावा, ही हात जोडून विनंती.

---

सायली, न्यू जर्सी

इथे मुलीला गाणं शिकवताना मी हे सगळं वाचतेय. तिच्या ताई साताऱ्याकडच्या, पडद्यावरून शिकवतात. आवाज जरा उशिरा पोचतो, त्यामुळे दोघींना एकत्र गाता येत नाही. ताई आधी गातात, थांबतात, मग ही गाते. सुरुवातीला मला हे फार अपुरं वाटायचं. पण ताईंनी त्यातून रीतच बनवली: आधी पूर्ण ऐक, मग पूर्ण म्हण, मध्ये नको. मुलीचं ऐकणं खूप सुधारलं.

ताई दर वर्षी अश्विनात एका पंचमीला शिकवणी ठेवत नाहीत. विचारलं तेव्हा कळलं, औंधला जातात. अंतुबुवांनी त्यांचे अध्यात्मातले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तिथे संगीत उत्सव सुरू केला, तो अजून होतो. यमाईचं गाव, लोक सतरंजीवर बसून रात्रभर ऐकतात. पुढच्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे भारतात येऊन लेकीला तिथे न्यायचं ठरवलंय. कुणी जाणारं असेल तर राहण्याची सोय कशी असते ते सांगाल का?

---

वाडीवाला

सायलीताई, आम्ही कुरुंदवाडहून दोघं-तिघं जातो. गाव लहान आहे, पण ऐकायला येणाऱ्याची आबाळ होत नाही. साताऱ्यात किंवा कोरेगावला मुक्काम ठेवलात तरी जमेल. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

मागवाला

एक काम सुचवतो. आमचे सर गेले. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलाकडे आहेत, ट्रंकेत. मी बघून आलो. कागद पिवळा पडलाय, शाई फाकलीय, काही पानांना कसर लागलीय. त्यात बंदिशी आहेत, स्वरलिपी आहे, आणि समासात बारीक अक्षरात सूचना: 'इथे श्वास घेऊ नये', 'हा गंधार घाईने नको', 'मुलांना आधी टाळी द्यायला लावणे'. छापील पुस्तकांत बंदिश सापडते, या सूचना सापडत नाहीत. सरांचा मुलगा वह्या द्यायला तयार आहे, फक्त कुठे द्यायच्या हे त्याला कळत नाही. रद्दीत मात्र घालवणार नाही म्हणाला.

---

कृष्णाकाठ

मागवाला, त्या वह्या आधी आहेत तशा नीट ठेवायला सांगा. ट्रंकेतून काढून कोरड्या जागी, सुती कापडात गुंडाळून. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी अजिबात लावू नका, कागद पुढे आणखी खराब होतो. मग प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, वहीचं मुखपृष्ठ आणि पानांचा क्रम सांभाळून. समासातल्या नोंदींचा जवळून वेगळा फोटो घ्या.

वाचून टंकायला मी तयार आहे. रेवा, स्वरलिपी तपासायला तुम्ही मदत कराल का? काही चिन्हं पलुसकर पद्धतीची असणार, काही भातखंडे पद्धतीची, आणि काही सरांची स्वतःचीच. ठेका, तालाच्या मात्रा तुमच्याकडे. आणि इतरांच्या गावातही अशा ट्रंका असतील, त्यांनी इथेच कळवावं. गावाचं नाव, परंपरा आणि वह्यांची अवस्था एवढं लिहिलं तरी पुरे.

---

रेवा

होय, पाठवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग कमी असतात, तेव्हा बसते. माझ्या विद्यार्थिनींनाही त्यात घेईन, त्यांना जुनं अक्षर लावायची सवय होईल.

---

ठेका

मात्रा माझ्याकडे लागल्या. मागवाला, आधी झुमरा आणि तिलवाड्यातल्या बंदिशींची पानं पाठवा, ती आता फार थोडे लोक शिकवतात.